पायथ्याकडची नजर

“बाई, गालावरचं बोट काढा आणि तोंड मिटा,” कॅमेऱ्यामागचा माणूस म्हणाला, आणि माझी धाकटी बहीण एवढीशी झाली. ओळखपत्राची मुदत संपली होती म्हणून आम्ही त्या ऑफिसात आलो होतो. पांढरा पडदा, त्याच्यापुढे उंच स्टूल, भिंतीवर हिरव्या आकड्यांची पाटी. मी आले होते ती नुसती सोबत म्हणून. निवृत्त बाईला सगळे सोबतीला नेतात, छत्री नेतात तशी. लागली तर लागली. धाकटीनं बोट काढलं, तोंड मिटलं. त्या माणसानं मान सरळ करायला लावली, हनुवटी खाली, आता जरा वर, केस कानामागे, असं करता करता अर्धं मिनिट गेलं, आणि नेमकं बटण दाबायच्या वेळी तिचं तोंड उघडलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्या वेळी मी नीट बघितलं. तिनं श्वास आत घेतला तशा दोन्ही नाकपुड्या आत ओढल्या गेल्या, नाकातल्या मधल्या पडद्याला जाऊन चिकटल्या, आणि ओठ आपोआप विलग झाले. “नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथं तर न दाबताच उघडतंय,” तो माणूस हसून म्हणाला. माणूस वाईट नव्हता. दिवसभर लोकांना तोंडं मिटायला सांगून कंटाळला असेल बिचारा. “जरा बाहेर बसा, दम घ्या. दोन-तीन जण झाले की पुन्हा हाक मारतो.” धाकटीही हसली. स्टुलावरून उतरता उतरता तिचं बोट परत गालावर गेलं.

ते बोट मला एकवीस वर्षं ठाऊक आहे. उजव्या हाताची तर्जनी, नाकाच्या अगदी शेजारी, गाल किंचित कानाकडे ओढून धरलेला. तसं केलं की नाकपुडी उघडते आणि वारा आत जातो. हे तिला कुणी शिकवलं नाही. श्वास अडलेल्या माणसाचा हात आपोआप तिथं पोचतो. ती चष्म्याच्या दुकानात काम करते, दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमी बसवून बघते, आणि गिऱ्हाइकांना वाटतं, बाई गालाला बोट लावून विचार करताहेत, कुठली फ्रेम शोभेल याचा. तिच्या पुतण्याच्या लग्नाच्या फोटोंत निम्म्या ठिकाणी ती अशीच आहे, विचारमग्न. तिचा नवरा थट्टेनं म्हणतो, “आमच्या घरात एकच तत्त्वज्ञ.” तो हल्ली बाहेरच्या खोलीत झोपतो, कारण ती उघड्या तोंडानं झोपते आणि घोरते. जेवताना ती सगळ्यांच्या मागे राहते. तोंडात घास असताना नाकानं श्वास घ्यावा लागतो, तो तिला पुरत नाही, म्हणून लहान घास, मग थांबायचं, मग दुसरा. माणसं उठून हात धुऊन येतात तरी तिच्या ताटात अर्धी पोळी असते. यातलं कशाचंही तिनं कधी रडगाणं गायलं नाही. “माझीच हौस होती,” एवढंच म्हणते. ती तसं म्हणाली की मी दुसरा विषय काढते.

बाकावर ती माझ्या शेजारी बसली. समोर एक आजोबा आपला अर्ज उलटा धरून वाचत होते. मी पर्समधली पाण्याची बाटली काढून तिला दिली. ती पाणीसुद्धा घोट घोट पिते. मी तिच्याकडे बघत नव्हते, पण मला सगळं दिसत होतं. माझ्या नजरेचा तोच गुण आहे. त्या नजरेवर मी छत्तीस वर्षं पोट भरलं.

मी ऑपरेशन थिएटरमधली नर्स होते. त्यांतली वीस वर्षं एकाच सर्जनच्या हाताखाली. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. ते नाकं करायचे. अपघातातली, जन्मतः वाकडी असलेली, आणि हौसेचीही. त्यातही नाकाचा शेंडा हे त्यांचं खास काम. नाकाचं हाड हे सोपं प्रकरण, ते म्हणायचे, खरी परीक्षा शेंड्याला. शेंड्यात हाड नसतं. दोन मऊ कूर्चा असतात, एकेका नाकपुडीवर एकेक, कमानीसारख्या वाकलेल्या. कमानी रुंद असल्या की शेंडा फुगीर दिसतो. सरांच्या आधीचे लोक त्या कूर्चा कापून लहान करायचे. सर कापायचे नाहीत, बांधायचे. केसाहून जरा जाड असा बिनरंगी धागा कमानीच्या आतून घ्यायचा, पलीकडे काढायचा, गाठ घट्ट करत न्यायची, की कमान डोळ्यांदेखत अरुंद होते. मग दुसऱ्या बाजूची. मग दोन्ही कमानी एकमेकींना जोडणारा एक टाका. लागला तर आणखी एक, शेंडा जरा उचलून मधल्या पडद्याला धरून ठेवणारा. तीन-चार टाके, आणि माणसाचा चेहरा बदलतो. “कापलेलं परत येत नाही, सिस्टर,” ते मला सांगायचे, “बांधलेलं सोडता येतं.” प्रत्येक गाठीचा पहिला वेढा ते घालायचे आणि थांबायचे. वरची त्वचा परत खाली ओढून घ्यायची, ओल्या बोटानं बसवायची, आणि बघायचं. पुढची गाठ पडेपर्यंत कात्रीचं एक टोक लावलं की सगळं होतं तसं.

पण बघणार कोण? सर उभे असत टेबलाच्या उजवीकडे, डोक्याशी वाकून. तिथून चेहरा तिरपा दिसतो, निम्मा उलटा. नाक जगाला समोरून दिसतं. म्हणून त्यांची एक पद्धत होती, जी मी दुसऱ्या कुठल्या थिएटरात पाहिली नाही. पहिला वेढा घातला की ते म्हणायचे, “सिस्टर, पायथ्याकडून.” मी माझं हत्यारांचं टेबल सोडून, हात छातीशी धरून, टेबलाच्या पायथ्याशी जायची आणि पेशंटच्या तळपायांच्या वरून त्याच्या चेहऱ्याकडे बघायची. डावीकडे झुकलंय, म्हणायची. किंवा, शेंडा रुंद आहे अजून. किंवा, बास, सर. हा शेवटचा शब्द आला की ते पुढची गाठ मारायचे. नवे डॉक्टर हसायचे, नर्सला विचारतात म्हणून. पण सर म्हणायचे, या बाईची नजर गवंड्याच्या लेव्हलमधल्या बुडबुड्यासारखी आहे, खोटं बोलतच नाही. मला त्याचा गर्व होता. आता कशाला नाकारू? होताच.

आणि सरांचा एक नियम होता. मन भरायच्या आधी हात थांबला पाहिजे. बधिर करायच्या औषधानं नाक सुजलेलं असतं, सूज सगळं फसवते. टेबलावर जे जेमतेम बरं दिसतं तेच वर्षानं सुंदर दिसतं. टेबलावर जे सुंदर दिसतं ते वर्षानं चिमटा काढल्यासारखं होतं. हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं. नव्या मुलींना मीच शिकवायची.

आमच्या घरात मला आईचं नाक मिळालं, धाकटीला बाबांचं. आईचं सरळ, बारीक. बाबांचं नाक पुढे येऊन गोल झालेलं, टोकाला लिंबू ठेवल्यासारखं. बाबांच्या चेहऱ्यावर ते शोभायचं, पुरुषाला काय, काहीही खपतं. धाकटी सहा-सात वर्षांची असल्यापासून तिला भावंडं लिंबू म्हणायची. शाळेत लिंबू, गल्लीत लिंबू. काका तर दार उघडल्या उघडल्या विचारायचे, “लिंबू कुठंय? सरबत करायचंय.” तीही हसायची. तिची एक आत्या होती, म्हणजे माझीही, ती आईला सांगायची, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, हिचं तर नाक नको तेवढं आहे, हिला चौतीसशे येतील. आईसुद्धा कधी कधी दोन बोटांनी तिचं नाक दाबून बघायची, पोळीच्या कडा दाबतात तसं, जणू लहानपणीच आकार देता आला तर बरं. घरात एकटी मी तिला कधी नाकावरून बोलले नाही. एकदाही नाही. ती रुसून बसली की मी तिच्या शेजारी जाऊन बसायची, काही न बोलता. तेवढ्यानं तिचं भागायचं.

चोवीस वर्षांची असताना तिनं मला विचारलं, “ताई, तुमचे सर माझं करतील?” मी हो म्हणाले. खरं तर आपल्या माणसाच्या ऑपरेशनला आपण उभं राहायचं नसतं. सरांनी सांगितलंही, “त्या दिवशी तुम्ही सुट्टी घ्या, सिस्टर.” मी म्हटलं, सर, मग पायथ्याकडून बघणार कोण? त्यावर त्यांनी यादीत माझं नाव राहू दिलं.

भूल नाकापुरतीच होती. वरून गुंगीचं औषध. पेशंट अर्धवट झोपतो, सांगितलं तर हात हलवतो, आणि नंतर त्याला काही आठवत नाही. भूल देणारे डॉक्टर मिश्कील होते. म्हणाले, आज टेबलावरही सिस्टर आणि टेबलापाशीही सिस्टर. सगळे हसले. मीही. सरांनी डाव्या कमानीला टाका घेतला, उजव्या, मग दोघींना जोडणारा. पहिला वेढा. त्वचा खाली. “पायथ्याकडून.” मी गेले. हिरव्या कापडांच्या मधोमध तिचा चेहरा होता, आणि त्यावर लिंबू नव्हतं. शेंडा गोलच होता, पण लहान, नेटका. तो तिचाच चेहरा होता, बाबांची आठवण ठेवून असलेला. बरोबर होतं ते. बास, सर, एवढंच म्हणायचं होतं. मी बघत राहिले. माझ्या डोक्यात काकांचं सरबत आलं, आत्याची चौतीसशे विघ्नं आली. मला वाटलं, नुसतं बरं नको, असं होऊ दे की कुणाच्या बापाची बोलायची टाप राहू नये. माझ्यासारखं होऊ दे. हेही वाटलं, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी म्हणाले, “अजून थोडं.”

सरांनी मास्कच्या वरून माझ्याकडे बघितलं. “नक्की?”

“हो. किंचित.”

त्यांनी वेढा ओढला. कमानी एकमेकींजवळ आल्या. त्यांच्या बाजूची कूर्चा, नाकपुडीवरची, किंचित आत वळली. मला ते दिसलं. माझ्या नजरेला न दिसणं शक्यच नव्हतं. पण शेंडा इतका रेखीव आला होता, की मी बास म्हणाले, आणि त्यांनी पुढची गाठ मारली, तिसरी मारली, आणि धाग्याची टोकं मी कापली. माझ्या हातानं.

वर्षभर सगळे खूश होते. आत्यानंही नाक मुरडायचं सोडलं. तिचं लग्न ठरलं, विघ्न एकही आलं नाही. मग हळूहळू सूज उतरली आणि कूर्चा जशी बांधली होती तशी दिसू लागली. शेंडा चिमटीत धरल्यासारखा झाला, बाजूला दोन खळगे पडले, आणि जिना चढताना धाकटी दुसऱ्या मजल्यावर थांबू लागली. बोट गालावर गेलं ते तेव्हापासून. सरांनी तपासलं. हात धुताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “हात माझा होता, सिस्टर. तुमचा नाही.” आता कूर्चा तशीच बसलीय, नुसता टाका सोडून भागणार नाही, कानामागची कूर्चा काढून आधार देता येईल, म्हणाले, पुन्हा उघडावं लागेल. धाकटी सरळ नको म्हणाली. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा समजावायचं धाडस झालं नाही. समजावताना एके ठिकाणी खरं सांगावं लागलं असतं. त्यानंतर सर गाठीचा पहिला वेढा घातला की स्वतः चालत पायथ्याशी जायचे, स्वतः बघायचे आणि परत यायचे. मला त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. आमच्यात वाकडं काहीच आलं नाही, डबेही एकत्र खायचो. पण मी हत्यारं मांडत उभी राहायची आणि ते माझ्या मागून पायथ्याकडे जायचे, ती त्यांच्या चपलांची चार पावलं मला अजून ऐकू येतात. सर आता नाहीत. म्हणजे त्या खोलीत काय झालं हे जाणणारी मी एकटी उरले, असं मी धरून चालले होते.

“किती नंबर झाले गं?” धाकटीनं विचारलं.

“एक आत आहे. मग अजून एक.”

तिनं बाटलीचं झाकण लावलं. उलट्या अर्जाचे आजोबा आत गेले. मला एकदम वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही. छप्पन्नाव्या वर्षी, सरकारी बाकावर, हातात टोकन घेऊन सांगायची ही गोष्ट नव्हती. पण घरी तिचा नवरा असतो, माझ्याकडे टीव्ही असतो, आणि बावीस वर्षं आम्हाला दुसरी जागा सापडली नव्हती. मी म्हणाले, “ऐक ना. तुला एक सांगायचंय. ते तुझी हौस वगैरे काही नव्हतं. सरांचीही चूक नव्हती. ते थांबले होते तिथं बरोबर होतं. मी त्यांना–”

“अजून थोडं म्हणालीस,” ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. ती समोरच्या हिरव्या आकड्याकडे बघत होती.

“ऐकलं होतं मी. गुंगीत होते, पण ऐकू येत होतं. हत्यारांचा आवाज, त्या डॉक्टरांचा विनोद. नक्की, म्हणाले सर. तू हो म्हणालीस. किंचित म्हणालीस.”

“मग तू इतकी वर्षं…”

“काय बोलणार?”

“मला शिव्या द्यायच्या होत्यास. गळा धरायचा होतास माझा. तुझा श्वास–”

“श्वासाचं काही नाही गं, ताई. सवय होते त्याची.” तिनं बोट गालावरून काढलं, मांडीवर ठेवलं, आणि लगेच तिला ते परत लावावं लागलं. “मला दुसरंच लागलं. लहानपणी सगळे लिंबू म्हणायचे, अगदी आईसुद्धा. तू कधी म्हणाली नाहीस. मला वाटायचं, ताईला ते दिसतच नाही. घरात एक माणूस असं आहे की त्याला मी आहे तशी नीट दिसते. त्याच्यावर मी काढले सगळे दिवस. आणि तिथं पडल्या पडल्या ऐकलं, की सगळं करून झालं, तरी तुला अजून थोडं हवंय.” ती थांबली, श्वास घेतला. “म्हणून परत नको म्हटलं. परत तूच उभी असणार होतीस पायाशी.”

तसं नव्हतं गं, असं तोंडावर आलं होतं. पण तसंच होतं. मी तिला कधी चिडवलं नाही, कारण ते नाक मला सगळ्यांत जास्त दिसायचं. जेवायला समोर बसली की दिसायचं, झोपली की दिसायचं. आईचं नाक माझ्याकडे आलं याची मला चोरी वाटायची, म्हणून मी गप्प बसायची. ती त्या गप्प बसण्याला माया समजत राहिली. मायाही होती, तेही खोटं नाही. पण ती ज्या माणसाच्या भरवशावर वाढली तो माणूस घरात कधी नव्हताच, आणि हे तिला कळलं ते टेबलावर पडलेली असताना, माझ्याच आवाजात. श्वासाचा अपराध मी बावीस वर्षं उशाशी घेऊन झोपले. हा दुसरा मला माहीतसुद्धा नव्हता. मी नुसती म्हणाले, “चुकलं माझं.” ती म्हणाली, “हो.” तिनं माझ्या मांडीवरची पर्स उचलून बाटली आत ठेवली आणि चेन लावली.

हाक आली. ती स्टुलावर चढली. मी दाराशीच थांबणार होते, पण तो माणूस म्हणाला, “या, तुम्ही इथं समोर उभ्या राहा, म्हणजे यांची मान हलणार नाही. तुमच्याकडे बघू दे त्यांना.” मी कॅमेऱ्याच्या शेजारी, तिच्या बरोबर समोर उभी राहिले. तिनं बोट काढलं. मी त्या माणसाला म्हणाले, “आधी सगळं जुळवून घ्या. ती तोंड मिटेल आणि तुम्ही लगेच दाबायचं.” त्यानं मान हलवली. धाकटीनं तोंड उघडून एक मोठा श्वास घेतला, ओठ मिटले, आणि माझ्याकडे बघितलं. बटण वाजलं.

त्यानं कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. पांढऱ्यावर तिचा चेहरा होता, सेहेचाळीस वर्षांचा. चिमटीतला शेंडा, बाजूचे दोन खळगे, उजव्या गालावर बोटाचा पुसट ठसा. “तसा चालेल,” तो म्हणाला, “पण म्हणाल तर अजून एक काढू. अजून थोडा बरा येईल.”

धाकटी स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होती, तोंड जरासं उघडं ठेवून.

“नको,” मी म्हणाले. “बास.”

“बघा हं, दहा वर्षं हाच राहील.”

“राहू दे.”

तिचं बोट वर गेलं, गालाला लागलं. तिनं श्वास घेतला आणि खाली उतरायला दुसरा हात पुढे केला. मी तो धरला.